शाळेच्या फाटकाजवळ दिव्यांग मुलांच्या गाडीसाठी जागा राखून ठेवावी का?

शहापूरची आई
बेळगावातल्या आमच्यासारख्या गल्लीतल्या शाळांपुढं सकाळी रिक्षा, व्हॅन, दुचाक्या एकमेकांत अडकून पडलेल्या असतात. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर नीट ताबा राहत नाही. जुलैच्या पावसात तिला कोपऱ्यापासून फाटकापर्यंत न्यायचं म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तिचा दंड, दप्तर माझ्या पाठीवर. पायाला आधारासाठी बांधलेल्या पट्ट्या भिजल्या की दिवसभर काचतात. फाटकालगत एका गाडीपुरती जागा पिवळा पट्टा मारून राखून ठेवा, एवढंच मागणं आहे.

टिळकवाडीकर
माझा विरोध आहे. एक-दोन मुलांसाठी दिवसभर जागा अडवायची, आणि बाकीच्यांनी कुठं थांबायचं? रस्ता महापालिकेचा आहे, शाळेचा नव्हे. शिवाय कारनं मुलं सोडणारे पालक मोजकेच, म्हणजे सोय त्यांचीच होणार.

खानापूर रोड
जागा कारसाठी नाही ओ, मुलासाठी आहे. ते रिक्षातून येवो नाहीतर बापाच्या स्कूटरवरून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी इमारत आणि आवार या मुलांना वापरता येईल असं ठेवावं, असं म्हटलंय. त्यांच्या ने-आणीचाही त्यात उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशी जागा 3.6 मीटर रुंद आणि दारापासून 30 मीटरच्या आत हवी. एवढी रुंदी लागते, कारण गाडीचं दार सताड उघडून बाजूला व्हीलचेअर लावावी लागते. आवारात जागा असेल तर महापालिकेचा प्रश्नच येत नाही.

वडगावचा पालक
आमच्या वर्गातला एक मुलगा स्वमग्न आहे म्हणतात. तो तर धडधाकट चालतो की! उद्या त्यालाही जागा?

शहापूरची आई
हो, त्यालाही. मोठा हॉर्न वाजला की अशी काही मुलं हात सोडून सुसाट पळतात, समोर बस आहे की ट्रक हे त्यांना दिसत नाही. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी बघून कळत नाहीत. चालता येतं म्हणून त्या आईची भीती कमी होत नाही.

एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य
जागेला माझी ना नाही, पण आधी रॅम्प आणि कमोड करा. गाडी फाटकाशी लागली आणि पुढं तीन पायऱ्या असल्या तर पोराला उचलूनच न्यायचं ना? शाळेकडं पैसे बेताचेच आहेत.

शहापूरची आई
रॅम्प हवाच. पण त्याला मंजुरी, ठेकेदार, बिलं, सगळं आलं. रंगाचा डबा उद्या आणता येतो. दिवसभर अडवा असंही मी म्हणत नाही. शाळा भरताना अर्धा तास, सुटताना अर्धा तास. मधल्या वेळेत शिक्षकांनी दुचाक्या लावाव्यात.

टिळकवाडीकर
वेळ ठरवून देणार असाल तर माझी हरकत नाही. पण तिथं लागलेल्या गाड्या हलवायच्या कुणी? शिपाई एकच आहे, आणि त्याच वेळी तो घंटेपाशी असतो.