सर्जनला नेतृत्वाचं प्रशिक्षण हवं, की आधी पुरेसा स्टाफ?

भूलतज्ज्ञ, लातूर
पंधरा वर्षं मी या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायला फिरतोय. माझं मत सरळ आहे: प्रत्येक सर्जनला टीम सांभाळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं करा. एमएसच्या, म्हणजे सर्जन होण्याच्या शिक्षणाच्या, तीन वर्षांत हात तयार होतो. टेबलाभोवतीच्या माणसांना बोलतं कसं करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. ज्या सरांच्या युनिटमध्ये वाढलो, त्यांच्यासारखंच आपणही ओरडायला लागतो.

एका तालुक्याच्या गावी हर्नियाची केस होती. हर्निया उजवीकडे आणि बीटाडिन लागलं डावीकडे. सिस्टरनं केसपेपर वाचला होता, तिला कळलंही होतं. मी विचारलं म्हणून काम थांबलं. नंतर ती म्हणाली, "मागं एकदा सांगितलं होतं, तर सर सगळ्यांपुढं बोलले." तिचा पगार सरांच्याच हातात. मग बोलायची जबाबदारी तिच्यावर कशी टाकायची?

२००५ मध्ये इंग्लंडात एलेन ब्रोमिली सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. सिस्टरनं ट्रेकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा, सेट आणून ठेवला होता, पण डॉक्टर नळी घालण्यातच गुंतून राहिले. बाई वाचल्या नाहीत. अडचण हत्यारांची नव्हती.

सर्जन, बीड जिल्हा
अजिबात पटलं नाही. माझ्याकडं रात्री एकच सिस्टर असते. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, वॉर्ड, लेबर रूम, सगळं तिच्याच अंगावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, तेव्हा चर्चा औषधांची आणि मनुष्यबळाची झाली. तिथं नेतृत्वाचा वर्ग घेऊन काय झालं असतं?

आणि कुणी चेकलिस्टचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी टीमनं तपासायच्या सुरक्षेच्या यादीचं म्हणेल, तर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास वाचा. २०१४ मध्ये तो आला. यादी वापरायला लागल्यावर मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ वर आले, म्हणजे लक्षणीय फरक नाहीच. उद्या आणखी एक प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, एवढंच.

भूलतज्ज्ञ, लातूर
ऑन्टारिओचा दाखला माझ्याच बाजूचा आहे, सर. नुसता कागद दिला की टिकमार्क होतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर सगळ्यांना एकत्र बसवून शिकवलं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन मिनिटं बोलायची सवय लावली. २०१० चा निष्कर्ष असा: प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला, न झालेल्या ३४ मध्ये ७ टक्क्यांनी. स्टाफ कमी आहे, हे कबूल. पण एकच सिस्टर असेल, तर तिचा शब्द जास्तच मोलाचा.

निवृत्त ओटी सिस्टर, परभणी
दोघंही डॉक्टर, म्हणून मधे बोलते. तीस वर्षं ओटीत काढली. एका सरांच्या वेळी मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, एक कमी भरला. मी सांगितलं, तर म्हणाले, "तुमची मोजणी चुकली असेल," आणि शिवायला लागले. माझे पाय लटपटत होते. तरी मी परत म्हणाले, "सर, एक कमीच आहे." मॉप पोटातच निघाला. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या एका मॅडम होत्या. "सिस्टर, मॉप?" असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत सुईला हात लावायच्या नाहीत. बादली उचलणाऱ्या मामांनासुद्धा नावानं हाक. त्यांच्या टेबलावर नवी मुलगीही बिनधास्त बोलायची. स्टाफ दोन्हीकडं तेवढाच होता बघा.

सर्जन, बीड जिल्हा
सिस्टर, तुमचं वाचून मला माझेच दोन-तीन प्रसंग आठवले. मॅडमसारखं विचारायला मला काही खर्च नाही, ते उद्यापासून करतो. पण सक्तीला माझा विरोध कायम आहे. शहरातल्या हॉटेलात दोन दिवस भाषणं ऐकायची आणि इकडं पेशंट तसेच ठेवायचे, हे जमणार नाही. शिकवायचं तर आमच्या ओटीत येऊन शिकवा, आमच्या मामांसकट.

भूलतज्ज्ञ, लातूर
मान्य. तारीख तुम्ही सांगा, मी अर्धा तास आधी येतो. रात्रपाळीच्या सिस्टरलाही थांबवून घ्या.