अनुभव धागा: कार्ट्रिज भरणं, चिप, फर्मवेअर आणि त्यामागचे खटले

शाईदौत
कार्ट्रिज संपलं की प्रत्येक घरात आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात एकच प्रश्न उभा राहतो: नवं घ्यायचं की आहे तेच भरायचं? भरायला गेलं की चिप आडवी येते. चिपच्या मागे फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, असतं आणि फर्मवेअरच्या मागे वीस वर्षांची कोर्टबाजी. म्हणून हा धागा. ज्यांचा हात रोज या कामात आहे त्यांनी नेमकी माहिती लिहावी: कोणतं कार्ट्रिज कसं उघडतं, किती ग्रॅम पावडर बसते, काय बिघडतं, का बिघडतं. कायदा जाणणाऱ्यांनीही लिहावं. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही आपला हक्क कुठे संपतो हे ठाऊक नसतं आणि त्यात दोघांचंही नुकसान होतं. 'अमक्याने मला फसवलं' अशा हकिकती नकोत, उपयोगी पडेल ते लिहा.

टोनर_ब्रश
सुरुवात 12ए पासून करतो. एचपी लेसरजेट 1020 ची आपल्याकडच्या ऑफिसांत इतकी वर्षं सद्दी राहिली ती याच कार्ट्रिजमुळे. यात चिपच नाही, त्यामुळे भरलं की चाललं.

कंपनीच्या हिशोबाने हे साधारण 2000 पानं देतं, पान 5 टक्के काळं धरून. भरताना 80 ते 100 ग्रॅम पावडर लागते. ठासून भरू नका. हॉपर, म्हणजे पावडरची टाकी, गच्च झाला की पावडर सील आणि टोकांमधून गळते आणि पानाच्या कडा काळ्या पडतात.

क्रम असा. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पिना काढल्या की कार्ट्रिजचे दोन भाग सुटे होतात: एका बाजूला ड्रम (ज्यावर छाप उमटतो तो रोलर) आणि वेस्ट, म्हणजे वापरून उरलेल्या, टोनरची टाकी, दुसऱ्या बाजूला हॉपर आणि मॅग्नेटिक रोलर. ड्रम काढून लगेच काळ्या कापडात गुंडाळा. ओपीसी ड्रमला उजेड सोसत नाही, ट्यूबलाइटखाली उघडा राहिला तर छपाई फिकी किंवा डागाळलेली येते. हिरव्या-निळ्या भागाला बोट लावायचं नाही. मग पीसीआर (ड्रमला विद्युतभार देणारा रोलर) उचला, वायपर ब्लेडचे (ड्रम पुसणाऱ्या पट्टीचे) दोन स्क्रू काढा आणि वेस्टची टाकी रिकामी करा. हे काम टाळून नुसती नवी पावडर ओतली तर एक-दोन भरण्यांतच टाकी तुडुंब भरते आणि वेस्ट पानावर सांडायला लागतं. 'रीफिल म्हणजे घाण' अशी बदनामी होते त्यातली बरीचशी या एका आळसामुळे.

हॉपरच्या बाजूचं प्लास्टिकचं बूच काढून पावडर भरा, बूच घट्ट बसवा आणि कार्ट्रिज आडवं धरून पाच-सहा वेळा हलवा. ब्लेड परत लावण्याआधी तिच्या कडेला ड्रम पावडरचा पातळ हात द्या. कोरडी ब्लेड नव्या ड्रमवर अडकून उलटते. शेवटी ड्रमचा गिअर हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, चार-पाच वेळा फिरवा.

ड्रमयुनिट
वरच्या प्रतिसादाला जोडून, दोष ओळखायला मोजपट्टी जवळ ठेवा. डाग पानावर ठरावीक अंतराने परत येत असेल तर ते अंतर मोजा. 12ए चा ड्रम सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा घेर साधारण 75 मिलिमीटर. डाग 75 ला परत येतो तर दोष ड्रममध्ये. साधारण 38 ला येतो तर पीसीआर पाहा. अंतर न धरता वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ असेल तर वायपर ब्लेड झिजली आहे किंवा ड्रमवर उभा ओरखडा आहे. पांढरी उभी पट्टी दिसली तर डॉक्टर ब्लेडखाली (मॅग्नेटिक रोलरवर पावडर सारखी पसरवणारी पट्टी) गुठळी किंवा कागदाचा तुकडा अडकलेला असतो. ड्रम बदलण्याआधी तो काढा, तेवढ्याने भागतं.

बोटाने पुसलं की अक्षरं निघतात? ड्रमला दोष देऊ नका. एक तर फ्युजर (पावडर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) नीट तापत नाही किंवा पावडर चुकीची आहे.

टोनर_ब्रश
पावडरबद्दल ड्रमयुनिट यांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. 12ए, 88ए अशा एचपीच्या काळ्या लेसर कार्ट्रिजमधली पावडर चुंबकीय असते, मॅग्नेटिक रोलर तिला ओढून घेतो. ब्रदर आणि सॅमसंगची पावडर चुंबकीय नसते, तिथे साधा डेव्हलपर रोलर असतो. बाटल्यांवर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असतं, पण एकीची पावडर दुसरीत भरली की पान कोरं किंवा राखाडी येतं. पारख सोपी: चिमूटभर पावडर कागदावर घ्या आणि कागदाखाली लोहचुंबक फिरवा. पावडर चुंबकामागे सरकली तर एचपीची, जागची हलली नाही तर दुसरी.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. पावडर इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून आरपार जाऊन मोटरपर्यंत पोचते. मास्क लावा. हात आणि कपडे गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने पावडर मऊ होऊन चिकटते. सांडलेली पावडर आणि वेस्ट दुहेरी पिशवीत बांधा, जाळू तर मुळीच नका.

वाचक_नाशिक
88ए ला चिप असते ना? ती बदलल्याशिवाय चालतं का?

टोनर_ब्रश
बहुतेक जुन्या मशीनवर चालतं. स्क्रीनवर 'कार्ट्रिज संपलं' असा इशारा येत राहतो, तो मान्य करून पुढे जायचं. फक्त किती टोनर उरलं ते कळत नाही. चिप हवी असेल तर दुहेरी टेपने चिकटवायची नवी मिळते, जुन्या चिपच्या खाचेत नेमकी बसवा. जरा तिरकी बसली तर संपर्क होत नाही आणि दोष भरणाऱ्याच्या माथी येतो. ब्रदरच्या बऱ्याच जुन्या टोनरमध्ये चिपऐवजी रीसेट गिअर असतो. भरल्यावर तो मूळ जागी फिरवून ठेवला की मशीन टोनर नवं समजतं.

कलम_तीस
चिपच्या कायद्याबद्दल लिहितो, कारण दुकानांत अर्धवट ऐकीव माहिती फार फिरते.

पहिला मोठा खटला अमेरिकेतला, प्रिंटर बनवणारी लेक्समार्क विरुद्ध स्टॅटिक कंट्रोल. स्टॅटिक कंट्रोल ही कंपनी भरलेल्या टोनरसाठी लेक्समार्कसारखीच चालणारी चिप बनवत असे. चिपमधला 55 बाइटचा प्रोग्रॅम आमच्या कॉपीराइटचा आहे आणि चिपचं कुलूप तोडणं बेकायदा आहे, असं लेक्समार्कचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाने 2003 मध्ये मनाई हुकूम दिला, 2004 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो उठवला. प्रिंटर चालू करणारी किल्ली म्हणून वापरलेला एवढासा प्रोग्रॅम कॉपीराइटच्या आडोशाला ठेवून सुट्या भागांचा बाजार बंद करता येणार नाही, हे त्यातून ठळक झालं.

मग लेक्समार्क पेटंटच्या वाटेने आली. कार्ट्रिज साधारण 20 टक्के स्वस्तात द्यायचं आणि बदल्यात 'एकदाच वापरीन, रिकामं आम्हालाच परत देईन' अशी अट घालायची. वेस्ट व्हर्जिनियातली इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी ती रिकामी कार्ट्रिजं भरून विकत असे. 30 मे 2017 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क तिथेच संपतो, मग ती देशात विकलेली असो की परदेशात. देशातल्या विक्रीबाबत सगळे न्यायाधीश एकमत होते, परदेशातल्या विक्रीबाबत एकीने वेगळं मत नोंदवलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी गॅरेजचं उदाहरण दिलं. जुनी गाडी दुरुस्त करून विकणाऱ्याच्या मागे गाडीतल्या प्रत्येक भागाचा पेटंटवाला लागला तर धंदाच ठप्प होईल.

पण या निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्या. पेटंट संपलं म्हणजे करार संपला असं नाही. खरेदीदाराने मान्य केलेली अट करारकायद्याखाली उरू शकते. आणि चिप लावू नका असं कोर्टाने कंपनीला सांगितलेलं नाही. हक्क आपल्या बाजूने असला तरी कुलूप दारावर तसंच आहे.

न्यूजर्सीकर
त्या कुलपाबद्दल. 13 सप्टेंबर 2016 ला एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिजं एकाच दिवशी नाकारायला सुरुवात केली. फर्मवेअरमध्ये ती तारीख आधीच बसवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने बंधन काढणारं फर्मवेअर दिलं आणि पुढे अमेरिकेतला सामूहिक दावा 15 लाख डॉलरवर मिटवला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2020 मध्ये एचपीला एक कोटी युरो दंड केला, कारण हे बंधन ग्राहकांना नीट सांगितलं नव्हतं. आता खोक्यावर 'डायनॅमिक सिक्युरिटी' (बाहेरच्या चिपची कार्ट्रिजं अडवणारं बंधन) असं छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या.

इथे अमेरिकेत राहणाऱ्यांनी काही गोष्टी तपासा. मॉडेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर तो प्रिंटर एचपी प्लस योजनेसाठीचा आहे. ती योजना एकदा चालू केली की त्या मशीनवर कायम मूळ शाई आणि इंटरनेट लागतं, मागे फिरता येत नाही. प्रिंटर पहिल्यांदा सुरू करताना तो पर्याय नाकारा. इन्स्टंट इंक या एचपीच्या वर्गणी योजनेतली कार्ट्रिजं वर्गणी बंद केली की शाई शिल्लक असूनही थांबतात, कारण तुम्ही शाई विकत घेतलेली नसते, पानं घेतलेली असतात. 'बाहेरची शाई वापरली म्हणून वॉरंटी गेली' असं कुणी सरसकट सांगितलं तर 1975 च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याकडे बोट दाखवा. बिघाड त्या शाईमुळेच झाला हे कंपनीने दाखवावं लागतं.

फर्मवेअर_थांबा
फर्मवेअरचं अपडेट बंद कसं करायचं ते लिहितो.

प्रिंटरचा आयपी पत्ता नेटवर्कच्या पानावर मिळतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. तिथे 'टूल्स' किंवा 'सेटिंग्ज'मध्ये प्रिंटर अपडेटचा भाग असतो. आपोआप अपडेट बंद करा, 'तपासू नका' असा पर्याय असेल तर तोच निवडा. त्याच पानावर काही एचपी मशीनवर 'कार्ट्रिज प्रोटेक्शन' दिसेल, तेही बंद करा, आणि हे नवं कार्ट्रिज आत घालण्याआधी करा. ते चालू असताना घातलेलं कार्ट्रिज त्याच प्रिंटरला बांधलं जातं, नंतर सेटिंग बदलून सुटत नाही.

घरात वायफायशिवाय भागत असेल तर प्रिंटर यूएसबीवरच ठेवा. मात्र संगणकावर कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर अपडेट त्यातूनही येतं, म्हणून नुसता ड्रायव्हर टाका.

चिप छपाईसाठी लागतेच का, याचं उत्तर जानेवारी 2022 मध्ये एका कंपनीनेच दिलं. जगभर चिपांचा तुटवडा होता, कॅननला मोठ्या कॉपियरच्या टोनरमध्ये बसवायला चिपा मिळेनात. तेव्हा कंपनीने जर्मनीतल्या ग्राहकांना स्वतःच सांगितलं की इशारा दिसला तर तो बंद करून छपाई चालू ठेवा. छपाईत काही फरक पडत नव्हता, फक्त उरलेल्या टोनरचा अंदाज दाखवला जात नव्हता.

थेंब_थेंब
शाईच्या प्रिंटरचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

एपसनच्या टाकीवाल्या मशीनमध्ये हेड (शाई फवारणारा भाग) मशीनमध्येच असतं आणि ते महाग असतं. आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढा, नाही तर शाई वाळून नोझल (हेडची बारीक छिद्रं) बंद होतात. हेड क्लीनिंग लागोपाठ तीन वेळा करून फरक नाही पडला तर थांबा. मशीन बंद करून किमान बारा तास ठेवा, मग परत एकदा. दहा-दहा वेळा क्लीनिंग मारली की शाई सगळी वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या बोळ्यात) जाते आणि पॅड भरल्याचा इशारा येऊन मशीन बंद पडतं.

तो इशारा मोजणीवरून येतो. नुसता काउंटर रीसेट करून पॅड तसाच ठेवला तर काही दिवसांनी टेबलावर शाईचं तळं दिसेल. पॅड बदला किंवा धुऊन पूर्ण वाळवून बसवा, मगच रीसेट करा. फुकटचे रीसेट प्रोग्रॅम इंटरनेटवर सापडतात, त्यांतल्या अनेकांत व्हायरस असतो. कामाच्या संगणकावर ते चालवू नका. काही मॉडेलमध्ये मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेल्या शाईचा डबा) काढून बदलता येतो, नवीन मशीन घेताना तसंच बघा.

काळ्या शाईची जात तपासा. पिगमेंटच्या (पाण्याने न पसरणाऱ्या शाईच्या) जागी डाय (पाण्यात विरघळणारी) भरली तर अर्जावर पाण्याचा थेंब पडताच सही आणि मजकूर पसरतो.

झेरॉक्स_कट्टा
भारतात भरलेलं कार्ट्रिज विकणं कायदेशीर आहे का? गिऱ्हाईकं विचारतात.

कलम_तीस
दोन वेगळी कामं आहेत. गिऱ्हाईकाचं स्वतःचं कार्ट्रिज भरून त्यालाच परत देणं ही सेवा आहे, दुरुस्तीसारखी. त्यात कुणाचा ट्रेडमार्क तुम्ही विकत नाही.

रिकामं घेऊन, भरून, दुसऱ्याला विकणं ही विक्री आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 30 पोटकलम 3 म्हणतं की कायदेशीररीत्या घेतलेला माल पुढे विकता येतो. पोटकलम 4 मालकाला हरकतीची वाट ठेवतं, विशेषतः बाजारात आल्यावर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल तर. भरलेलं कार्ट्रिज नेमकं या सीमेवर उभं असतं. म्हणून ते मूळ माल म्हणून विकायचं नाही, कधीच नाही. मूळ खोका, मूळ होलोग्राम, मूळ सील यांची नक्कल लावली की तो बनावट माल झाला. कलम 103 आणि 104 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे.

2012 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने परदेशातून आणून विकलेल्या सॅमसंग प्रिंटरच्या खटल्यात असाच मार्ग दाखवला. माल खरा असेल तर आणून विका, पण हा माल बाहेरून आणला आहे आणि कंपनीची वॉरंटी नाही हे दुकानात ठळक लिहा. विषय आयातीचा होता, तरी गिऱ्हाईकाला खरं सांगण्याचं तत्त्व आपल्याही कामाचं आहे.

झेरॉक्स_कट्टा
मग लेबलवर काय काय असावं?

टोनर_ब्रश
'रीफिल' हा शब्द मोठ्या अक्षरांत, दुकानाचं नाव, भरल्याची तारीख, पावडर किती ग्रॅम आणि कोणती, हे कार्ट्रिज कितव्यांदा भरलं, ड्रम आणि ब्लेड शेवटचे कधी बदलले. लेबल वरच्या सपाट भागावर लावा, झडप आणि गिअरच्या वाटेत नको, सुटलं तर फ्युजरमध्ये जाऊन चिकटतं. 12ए चा साधा ड्रम दोन-तीन भरण्यांनंतर बदलायला येतो, ते त्या आकड्यावरून कळतं. आणि ज्या कार्ट्रिजची चौकट तडकली आहे ते भरू नका. ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही उल्लेख आहे, नोंदणी असलेल्या रीसायकलरकडे द्या.