ऑल इंग्लंडचा मान

बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा असताना ऑल इंग्लंड या स्पर्धेचे एवढे कौतुक का, असा प्रश्न कुणालाही पडेल. १८९९ मध्ये लंडनला केवळ दुहेरीच्या सामन्यांनी सुरू झालेली, पुढच्याच वर्षी एकेरीची भर पडलेली ही स्पर्धा, १९७७ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होईपर्यंत अनधिकृत विश्वविजेतेपदच मानली जात होती. आपले प्रकाश नाथ १९४७ मध्ये अंतिम फेरीत हरले. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी अंतिम फेरीत इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यांना १५-३, १५-१० असे नमवले, तेही किंग यांच्या जबरदस्त स्मॅशची धार हळुवार ड्रॉप (जाळीजवळ अलगद पडणारा फटका) आणि अचूक टॉसने (मागच्या रेषेकडे उंच उचललेला फटका) बोथट करून. आमच्या नाशिकच्या हॉलमध्ये नुसत्या ताकदीवर भिस्त ठेवणाऱ्या मुलांना मी तो सामना आवर्जून पाहायला सांगतो. २००१ मध्ये पुलेला गोपीचंद यांनी अंतिम फेरीत चीनच्या चेन हाँगवर मात केली. पुढे सायना नेहवाल २०१५ मध्ये आणि लक्ष्य सेन २०२२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचले.