अनुभव धागा: कोडमधले बदल टीमच्या चॅटवर कसे कळवता?

साताऱ्यात आम्ही नऊजण एका छोट्या कंपनीत काम करतो, निम्मे घरून. गिटहबवरचे (जिथे आमचा कोड असतो ती साइट) बदल स्लॅकवर (टीमच्या चॅटवर) आपोआप यावेत म्हणून सोय केली, तर चॅनेल इतकं वाहायला लागलं की दोन दिवसांत सगळ्यांनी ते म्यूट केलं. एका रिव्ह्यूत (सहकाऱ्याने केलेल्या कोडच्या तपासणीत) सुचवलेली दुरुस्ती तीन दिवस कुणाला दिसलीच नाही. तुम्ही काय चालू ठेवलंत, काय बंद केलंत? सविस्तर लिहा.

विश्रामबाग, सांगली
तुमचा रिव्ह्यू गर्दीत हरवला नसावा, तो चॅनेलवर आलाच नसेल. स्लॅकमधल्या गिटहबच्या तयार अ‍ॅपला ‘सबस्क्राइब’ची साधी कमांड दिली की इश्यू (अडचणींच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती), मुख्य ब्रँचवरचे (कोडच्या मुख्य शाखेवरचे) कमिट (नोंदवलेले बदल), रिलीज, डिप्लॉयमेंट (कोड प्रत्यक्ष वापरात चढवणं) एवढं सुरू होतं. रिव्ह्यू आणि कॉमेंट मुळात बंद असतात, ते वेगळे मागावे लागतात. आम्हाला हे कळायला महिना गेला.

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. प्रत्येक इंचाला भोंगा वाजला असता तर आम्ही लक्ष देणंच सोडलं असतं. त्याच हिशेबाने कमिट बंद केले. पुल रिक्वेस्ट, रिव्ह्यू आणि रिलीज ठेवले. डिप्लॉयमेंटचं चॅनेल वेगळं काढलं, ते कुणीही म्यूट करत नाही.

कराड
आम्ही तयार अ‍ॅप न घेता वेबहुक (काही घडलं की गिटहब आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावर निरोप पाठवतो ती सोय) स्वतः लिहिला. गिटहब उत्तरासाठी १० सेकंद थांबतो. उत्तर आलं नाही तर डिलिव्हरी फसली असं धरतो आणि आपणहून पुन्हा पाठवत नाही. पावसात रात्रभर वीज गेली, ऑफिसमधला सर्व्हर बंद पडला आणि तेवढ्या वेळातले मेसेज हुकले. सकाळी वेबहुकच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक डिलिव्हरी हाताने परत पाठवली. आता विनंती आली की लगेच ‘मिळालं’ कळवतो, बाकीचं काम रांगेत टाकतो. सिक्रेट (गिटहब आणि आपला सर्व्हर दोघांनाच माहीत असलेला गुप्त शब्द) लावून निरोपावरची सही तपासायला विसरू नका, नाहीतर पत्ता माहीत असलेला कुणीही खोटी घटना पाठवू शकतो.

गोडोली, सातारा
स्लॅकच्या वेबहुकची लिंक पासवर्डसारखी जपा, ती ज्याच्या हाती लागेल तो चॅनेलवर मेसेज टाकू शकतो. आमच्याकडे ती चुकून सार्वजनिक रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) गेली. फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. लिंक रद्द करून नवी घ्यावी लागली.

धागाकर्ता
विश्रामबागकरांचं खरं निघालं, रिव्ह्यू बंदच होते. आता चालू केले, कमिट काढले. आज संध्याकाळपर्यंत चॅनेलवर सहा मेसेज आले आणि सहाही कुणीतरी उघडून वाचले. कराडकर, ती रांग कशात बांधलीत तेवढं सांगा.