मदत हवी आहे: आरक्षण उठवणाऱ्या ठरावाचे सूचकच जमीनमालकाच्या घरातले

आमच्या नगरपरिषदेत शाळेमागच्या मैदानाचं विकास आराखड्यातलं आरक्षण उठवायचा ठराव पास झाला. सूचक म्हणून सही केलेल्या नगरसेवकांच्या पत्नीचं नाव त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर आहे! उतारा मी स्वतः काढलाय. इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच.

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम) कलम 37 खाली हरकतींसाठी एक महिना मिळतो, ती देतोच आहे. पण ठरावच रोखायला नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं का? कलम 16 मधली हितसंबंधाची अपात्रता मुख्यतः पालिकेच्या कंत्राटांबद्दल दिसते, ती इथे लावता येईल? कुणी असा अर्ज केला असेल तर सोबत कोणते कागद जोडले? मुख्याधिकारी नुसतं ‘बघू’ म्हणतात.