दिवाळीच्या सुट्टीत पोट्ट्यांना घेऊन पेनांग-सिंगापूर, घरचं खाणं किती न्यायचं?

पोट्ट्यांची_आई
नमस्कार मंडळी, यंदा दिवाळी झाली की लगेच आम्ही मलेशियातल्या पेनांगला आणि मग सिंगापूरला जाणार आहोत. आम्ही दोघं, मुलगी चौथीत, मुलगा केजीत, आणि सासूबाई. नागपूरहून थेट काही नाही म्हणून चेन्नईवरून तिकिटं काढली, हॉटेल झालं, आता घरात रोज रात्री एकच विषय, तिकडे खायचं काय.
मुलगी नवीन काही ताटात आलं की आधी वास घेते आणि मग हळूच बाबांच्या ताटात सरकवते. लहान्याचं वरण-भात-तूप आणि वरून शेव, संपला विषय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यात चातुर्मास असेल म्हणजे कांदा-लसूण पण बंद. नवरोबांचं म्हणणं की घरचं काहीही न्यायचं नाही, पोट्ट्यांना जगातलं खाणं कळलं पाहिजे. आणि इकडे सासूबाईंनी चकल्या, चिवडा, अनारसे, मेथीचे ठेपले, रेडी टू ईट उपमा आणि सावजी मसाल्याचं पाकीट अशी यादी करून ठेवली (ते पाकीट कोणासाठी ते ओळखा, जगातलं खाणं म्हणे!). एक टूरवाला म्हणत होता रोज इंडियन बुफे देतो, पण तिथे जाऊन रोज पनीर बटर मसालाच खायचा तर इथेच नागपुरात सदरला जाऊन खाऊ नं, एवढे पैसे काहून घालवायचे.
मुलांसोबत जाऊन आलेल्यांनी सांगा, पोट्टे खरंच खातात का तिकडचं? का उपाशी राहून हॉटेलात रडतात?

तर्रीबाज
ताई टेन्शन नको घेऊ. पेनांगला पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना रोटी चनाईच्या ठेल्यावर उभं कर. तो माणूस मैद्याचा गोळा हातावर घेऊन असा फिरवतो नं, आपल्याकडे मडक्यावरची लांब रोटी करणाऱ्या बाया पीठ हातावर ताणतात अगदी तसंच, पोट्टे तिथून हलणार नाहीत. सोबत डाळ येते, म्हणजे लहान्याचं वरण झालंच की. तिकडे तमिळ मुसलमान लोकांनी नेलेला पदार्थ आहे तो. फक्त आईंसाठी सांग की नुसती डाळ, कारण ते लोक प्रेमानं वरून माशाची करी पण ओततात, आणि काही ठिकाणी कणकीत अंडं असतं, ते आधी विचारून घे. मुलीला रोटी टिसू मागव. पातळ कुरकुरीत रोटीचा उंच सुळका करून त्यावर साखर, कंडेन्स्ड मिल्क. वास घ्यायला विसरते ती.

काटोलरोडवाली
मी सिंगापुरात बरीच वर्षं होते, मुलं तिथेच लहानाची मोठी झाली, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.
सगळ्यात आधी, खसखस नेऊ नको. सिंगापुरात खसखस चालत नाही, अफूच्या झाडाचं बी म्हणून तिथल्या नार्कोटिक्सवाल्यांच्या बंदीच्या यादीत आहे. म्हणजे अनारसे गेले, आणि सावजी मसाला पण गेला, कारण त्यात बऱ्याच घरी खसखस असतेच. चकल्या पण नेऊ नको असं म्हणेन, वेगळ्या कारणानं. मलेशियात दीपावलीची सरकारी सुट्टी असते, पेनांगच्या जॉर्ज टाऊन शहरातल्या लिटिल इंडियात तेव्हा मुरुक्कूचे (तमिळ चकल्यांचे) डबेच्या डबे लागलेले असतात, मुलांना तिथलाच घेऊन दे. आणि हो, च्युइंगम पण बॅगेत टाकू नको.
आता मूळ प्रश्न. माझं मत असं की मुलांना रेस्टॉरंटमध्ये नेऊन नवीन खाऊ घालायला जाऊच नये. तिथे एक मोठं ताट येतं, महाग असतं, सगळे त्याच्याकडे बघत बसतात आणि मूल आणखीच अडून बसतं. हॉकर सेंटरला न्यायचं. सिंगापूरने जुन्या काळचे रस्त्यावरचे ठेले उचलून पाणी, नळ, गटार असलेल्या शेडमध्ये बसवले, तीच ही हॉकर सेंटर्स, 2020 साली युनेस्कोच्या यादीत पण आली. एका छपराखाली चिनी, मलय, तमिळ सगळे शेजारी शेजारी, पाच-सहा डॉलरमध्ये एक ताट येतं, म्हणजे आजींचा डोसा, बाबांची लाक्सा (तिकडचं नूडल्सचं रस्सेदार सूप) आणि लहान्याचा साधा भात एकाच टेबलावर. कोणी कोणासाठी अडत नाही.
मी काय करायची, मुलाच्या हातात नोट द्यायची आणि सांगायची की तुझं तू आण, एक ओळखीचं आणि एक न ओळखीचं. स्वतः रांगेत उभं राहून, बोटानं दाखवून आणलेलं असतं नं, मग ते बाबांच्या ताटात ढकलायला जीव होत नाही. आवडलं नाही तर ठेवून दे म्हणायची, मागे लागायची नाही. खाल्लेले ट्रे मात्र उचलून रॅकवर नेऊन ठेवावे लागतात, नाहीतर दंड. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरून ठेवलीय, तिथे बसू नका. आणि मेट्रोत काहीही खायचं-प्यायचं नाही, पाणी पण नाही, 500 डॉलरपर्यंत दंड आहे. केजीतल्या पोट्ट्याच्या हातातली पाण्याची बाटली आधीच बॅगेत टाक.
मायलो डायनॉसॉर नावाचं पेय मागव, गार मायलो (बोर्नव्हिटासारखं चॉकलेटी पेय) आणि त्यावर न विरघळलेल्या मायलोच्या पावडरचा ढीग. हे काही कोणी संस्कृती वगैरे म्हणणार नाही, पण दुपारच्या उकाड्यात पोट्टे कावले की हेच कामी येतं.

आजी_निघाल्या_फिरायला
अगं सासूबाईंची काळजी करू नकोस. पेनांगला चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत, आणि त्यांच्या परंपरेत कांदा-लसूण पण नसतो, त्यामुळे माझा चातुर्मास तिथे आपोआप पार पडला. फक्त सासूबाईंना आधी सांगून ठेव की ताटात बदकाचे तुकडे वाटावेत असं काहीतरी येईल, ते सोयाचं आणि गव्हाच्या चिकाचं असतं. मी पहिल्यांदा ताट बघून उठूनच उभी राहिले होते, नातू हसून हसून लोळला.
साध्या हॉटेलात मात्र "व्हेज" म्हटलं की मटण काढून देतात, पण चटणीत सुकी कोळंबी राहतेच. बेलाचान म्हणतात त्या कोळंबीच्या पेस्टला, ती बहुतेक संबलमध्ये, म्हणजे तिकडच्या मिरचीच्या चटणीत असते. नासी लेमाकचा भात चांगला, नारळाच्या दुधात पांदानचं पान घालून शिजवतात, बासमतीला जो वास असतो तेच वासाचं द्रव्य त्या पानात असतं. पण वरचं संबल आणि सुकट बाजूला. मी भात, काकडी, शेंगदाणे घेऊन त्यावर घरचं लिंबाचं लोणचं खाल्लं. तेवढी लोणच्याची बाटली नेच, बाकी ठेपले एका वेळेपुरते, विमानातले.
आणि एक, मुलांना तेलुक बाहांगच्या मसाल्यांच्या बागेत ने. आपण श्रीखंडात जायफळ किसतो, पण ते झाडावर कसं दिसतं हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. पिवळं, जर्दाळूएवढं फळ. पिकलं की मधोमध तडकतं, आत चकचकीत काळपट बी आणि त्यावर लालभडक जाळी गुंडाळलेली. ती जाळी म्हणजे जायपत्री! आणि बी फोडलं की आतलं ते जायफळ. ते मूळचं इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं, इंग्रजांनी पेनांगला आणून लावलं. बाहेरच्या गराचं तिथे सरबत मिळतं, आंबटगोड आणि जरा तुरट. नातवानं एक घोट घेऊन मला दिलं, पण घरी आल्यावर श्रीखंडाच्या वाटीत नाक घालून म्हणाला, आजी ते झाड.

डब्बा_गुल
कोणाला शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे का? असेल तर वरचं सगळं जरा बाजूला ठेवा. साते (काडीला लावून भाजलेलं मांस) सोबतच्या चटणीत शेंगदाणे, नासी लेमाकवर शेंगदाणे, अपाम बालिकच्या (घडी घातलेल्या गोड धिरड्याच्या) आत शेंगदाणे, आणि कोळंबी तर वर आजींनी सांगितलीच. ठेल्यावर एकाच कढईत सगळं परततात, नुसतं काढून टाका म्हणून चालत नाही. मलयमध्ये एका कागदावर लिहून न्या आणि दाखवा. डॉक्टरांना विचारून औषधं हँडबॅगेत. बाकी फिरा बिनधास्त.

पोट्ट्यांची_आई
बाप्पा, खसखस! हे तर कोणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या अनारसे मग जायच्या आधीच संपवू, त्यात काय. ॲलर्जी नाही कोणाला, तरी धन्यवाद डब्बा_गुल. मुलगी आत्तापासूनच विचारून राहिली की नोट कितीची मिळणार, लहान भावाला कमी आणि मला जास्त पाहिजे म्हणून भांडण पण झालं.
काटोलरोडवाली, लाक्सा मुलं खाऊ शकतात का? फोटोत तर तिखटजाळ दिसते.

काटोलरोडवाली
सिंगापूरची लाक्सा नारळाच्या दुधाची असते, तिखट असली तरी गोडसर, आपली पोट्टी दोन घास खाऊ शकतात. पेनांगची आसाम लाक्सा एकदम वेगळी, माशाचं आणि चिंचेचं आंबट पाणी, वर पुदिना आणि काळी घट्ट कोळंबीची चटणी. मला जीव की प्राण, पण मुलांना पहिल्याच दिवशी तीच दिलीस तर सगळा डाव मोडेल. तिथे त्यांना चेंडोल दे, बर्फाचा कीस, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि हिरव्या मऊ शेवया. राजमा गोडात बघून मुलगी दचकेल, दचकू दे. आणि पेनांगला तेव्हा संध्याकाळी पाऊस असतो, छत्री जवळ ठेव, उघड्यावरच्या ठेल्यांना पाऊस आला की सगळी धावपळ होते.

तर्रीबाज
आणि डुरियन (फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ) खायचा असेल तर ठेल्यावर उभ्या उभ्या खा. हॉटेलात नेऊ नको, बऱ्याच ठिकाणी दारावरच त्याच्यावर फुली मारलेलं चित्र असतं. नवरोबांना जगातलं खाणं पाहिजे नं, त्यांनाच पहिला घास दे आणि पोट्ट्यांना व्हिडिओ काढायला लाव 😄