घरचा ग्रुप : आंभोऱ्याचे फोटो

मनीष (नागपूर): काल पोरांना घेऊन आंभोऱ्याच्या वैनगंगेवरच्या पुलावर गेलतो, वरच्या गॅलरीतून काय हिरवंगार पाणी दिसते राव, एकदम केरळ 😍😍 फोटो टाकले पहा

मोठे बाबा: केरळ नोहे बाबू, ते तुमचं नागपूरच होय

मनीष: म्हणजे??

राजू भाऊ: अबे तू फ्लॅटमध्ये फ्लश ओढला का ते नाग नदीत, नाग अन् पिवळी मिळून कन्हानमध्ये, अन् कन्हान आंभोऱ्याले वैनगंगेत. पुढं गोसेखुर्दचं धरण, पाणी सरकतच नाही, साचून रायते. त्याच घाणीवर ते हिरवं अन् जलपर्णी माजते. पयले वाहती नदी होती, एका पुरात सारं धुवून निघे

मनीष: पण भांडेवाडीला शुद्धीकरण प्लांट आहे ना आमच्याकडे

राजू भाऊ: आहे ना. त्यातलं साफ झालेलं पाणी कोराडी-खापरखेड्याले वीज बनवाले जाते. आमच्या वाट्याले येते ते साफ न झालेलं 🙏

सुषमा काकू: म्हशी धुवाले नदीत उतरलं का पायाले खाज सुटते, तुह्या काकाचे पाय पाह्य एकदा येऊन. अन् पयले ढिवराची बाई झिंग्याचं टोपलं घेऊन दारात ये, आता बाजारात बर्फातला आंध्राचा मासा घ्या अन् खा

मनीष: नाग नदी साफ करायला १९२७ कोटी मंजूर झालेत पण, होईल आता

मोठे बाबा: गोसेखुर्दचा दगड १९८८ ले बसला. तवा राजू रांगत होता, आता त्याचा पोरगा कॉलेजात गेला तरी कालव्याचं काम चालूच हाये

प्रज्ञा ताई: सगळं नागपूरवर ढकलू नका पण. धानाले आपण युरिया किती फेकतो, जोराचा पाऊस आला का बांधीतून वाहून नदीतच जाते, ते हिरवं त्याच्यावरही वाढते. अन् उकिरड्यात पयले शेण-काडीकचरा जाये, पावसाळ्याआधी खत शेतात. आता त्याच उकिरड्यात डायपर, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा, दुकानं शहरासारखी आली पण कचऱ्याची गाडी काही आली नाही म्हणून संध्याकाळी कोणीतरी काडी लावते अन् सारा धूर शाळेमागच्या घरांत, माह्या सासूले रात्रभर खोकला

राजू भाऊ: अन् रोडच्या कडेचे ते नवीन लेआऊट?? नाल्यात मुरूम भरून प्लॉट पाडले, गटार उरलेल्या नाल्यात सोडली. कोणीतरी आपल्यातल्यानंच घेतला म्हणे एक 😏

मनीष: भाऊ तो बाबांनी घेतला, मी फक्त सही केली

सुषमा काकू: 😂😂

मनीष: फोटो डिलीट करू का मोठे बाबा

मोठे बाबा: राहू दे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दाखवतो. फक्त ते डोळ्यात बदाम वालं काढ